सलग मेमरीची सोय: लिनक्सचा सीएमए

लिनक्स कर्नल रॅमचा हिशेब पेजमध्ये ठेवतो. बहुतेक यंत्रांवर एक पेज ४ केबीचे असते. एखाद्या प्रोग्रामला मोठी जागा लागली, तर त्याला मिळणारी पेजेस रॅममध्ये कुठेही विखुरलेली असली तरी चालतात. प्रोसेसरमधले एमएमयू त्यांचे पत्ते ओळीने लावून दाखवते आणि प्रोग्रामला विस्कळीतपणाचा पत्ता लागत नाही. कॅमेरा, व्हिडिओ डिकोडर, डिस्प्ले कंट्रोलर ही उपकरणे मात्र डीएमएने थेट रॅम गाठतात. प्रोसेसरचे एमएमयू त्यांच्या वाटेत येतच नाही. त्यांतली कित्येक एवढी साधी असतात, की सुरुवातीचा एक पत्ता घ्यायचा आणि तिथून पुढे लिहीत सुटायचे, एवढेच त्यांना कळते. म्हणून त्यांची जागा रॅममध्ये खरोखरच सलग असावी लागते.

मागणीही किरकोळ नसते. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्राला, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, ८२,९४,४०० बाइट लागतात. कर्नलची नेहमीची वाटपपद्धत, म्हणजे बडी अ‍ॅलोकेटर, दुपटीदुपटीने वाढणारे सलग गट देते. पण ४ केबीच्या पेजवर तिची प्रचलित कमाल ४ एमबी. शिवाय यंत्र काही काळ चालले, की मोकळी पेजेस विखुरतात आणि तेवढा गटही हाती लागेलच असे नाही.

यावरचा जुना उपाय सरळ होता: यंत्र सुरू होतानाच उपकरणासाठी रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा. काम भागे, पण कॅमेरा बंद असतानाही तेवढी रॅम कुणाच्याच उपयोगी पडत नसे. मुळातच रॅम कमी असलेल्या फोनमध्ये ही उधळपट्टीच होती.

सॅमसंगमधील मीहाऊ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्स्की यांच्या कामातून यावर तोड निघाली. 'कंटिग्युअस मेमरी अ‍ॅलोकेटर', म्हणजे सीएमए, २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये दाखल झाला. यातही जागा सुरुवातीलाच राखली जाते, पण ती रिकामी ठेवली जात नाही. घरमालक अकरा महिन्यांच्या करारावर घर देतो, तशी ती वापरायला दिली जाते. अट एकच, मागितल्यावर हलायचे. त्यामुळे तिथे फक्त हलवता येणारी पेजेस ठेवतात: प्रोग्रामचा डेटा, फाइलींची कॅश. कर्नलच्या स्वतःच्या रचनांना तिथे मज्जाव असतो, कारण त्यांचे पत्ते बदलता येत नाहीत.

ड्रायव्हरने बफर मागितला, की सीएमए आपल्या बिटमॅपमध्ये, म्हणजे दिलेल्या आणि शिल्लक जागेच्या नोंदीत, पुरेसा पट्टा शोधतो आणि तो वेगळा काढतो, म्हणजे तिथे नवे कुणी शिरत नाही. कॅशमधली न बदललेली पेजेस टाकून दिली जातात. ती पुन्हा डिस्कवरून वाचता येतात. बाकीच्या पेजेसमधला मजकूर दुसरीकडे उतरवून पेज-टेबलातले पत्ते बदलले जातात. मग मोकळा पट्टा ड्रायव्हरच्या हवाली होतो. ड्रायव्हरला यातले काही ठाऊक असावे लागत नाही. तो नेहमीचे डीएमए फंक्शनच वापरतो.

खरी अडचण करार न पाळणाऱ्यांची. एखादे पेज दुसऱ्याच कामासाठी 'पिन' झालेले, म्हणजे जागेवर खिळवलेले, असेल, तर ते जागचे हलत नाही आणि एवढ्याशा ४ केबीपायी अख्खा पट्टा अडतो. सीएमए मग पुढचा पट्टा चाचपतो. तोही नाही मिळाला तर मागणी फसते. म्हणून दीर्घकाळ पिन होणारी पेजेस आधीच सीएमएच्या हद्दीबाहेर हलवण्याची तरतूद नंतर कर्नलमध्ये आली. हलवाहलवीला लागणारा वेळही आधी सांगता येत नाही. उलट बाजूची तक्रारही होती: ही जागा शेवटचा पर्याय म्हणून वापरली जाई, त्यामुळे बाहेर टंचाई असतानाही ती रिकामी राही. २०२० च्या ५.७ आवृत्तीपासून, झोनमधल्या, म्हणजे कर्नलने पाडलेल्या रॅमच्या एका विभागातल्या, मोकळ्या मेमरीपैकी निम्म्याहून अधिक सीएमएमध्ये असेल, तर हलवता येणारी पेजेस आधी तिथेच जातात.

ज्या यंत्रांत उपकरणांसाठी आयओएमएमयू असते, तिथे विखुरलेली पेजेसही उपकरणाला सलग दिसतात आणि सीएमएची निकड उरत नाही. पण ते सगळीकडे नसते. रास्पबेरी पाय ३ पर्यंतच्या बोर्डांतल्या व्हिडिओकोर ४ या जीपीयूला स्वतःचे एमएमयू नाही; त्याचा लिनक्स ड्रायव्हर बफर सीएमएतूनच घेतो. राखीव जागेचा आकार यंत्र सुरू होताना 'सीएमए=' या पॅरामीटरने किंवा हार्डवेअरचे वर्णन असलेल्या डिव्हाइस ट्रीमधून ठरवता येतो. तो बेताने ठरवावा लागतो: कमी पडला तर चित्र उमटत नाही, आणि फार वाढवला तर कर्नलच्या न हलणाऱ्या रचनांना जागा अपुरी पडते.