सोयाबीनचा कच्चा वास आणि खंबाटकीचा बोगदा

पावसाळ्यात सातारा-सांगलीत जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. मुलांना ताकद यावी म्हणून आपल्या बऱ्याच घरांत अम्मी गव्हात मूठभर सोयाबीन घालून दळण आणतात. पण ते कच्चंच दळलं तर रोटीला उग्र वास येतो आणि मुलं ताट बाजूला सारतात. असं का होतं, ते वर्गात आम्ही असं सांगतो.

सोयाबीनच्या दाण्यात लिपॉक्सिजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. दाणा फुटला, ओल लागली की ते तेलातल्या लिनोलेइक आम्लातून हायड्रोजनचा एक अणू ओढून काढतं. तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि पुढे वासाची द्रव्यं तयार होतात.

पण हायड्रोजन सुटायचा तर वाटेत ऊर्जेचा डोंगर असतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी लागते ना, तसा. घाट चढायला इंजिनाला जोर लागतो, बोगद्यातून गेलं की तो चढ वाचतो. हायड्रोजनही असाच आरपार जातो. यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. फक्त इथे बोगदा कुणी खणलेला नसतो. अतिसूक्ष्म कण लाटेसारखेही वागतात आणि लाट अडथळ्यापाशी एकदम संपत नाही. तिचा थोडा अंश पलीकडे पोचतो, म्हणून कणही पलीकडे सापडू शकतो. कण जितका हलका आणि अडथळा जितका अरुंद, तितकी ही शक्यता जास्त.

पुरावा काय? हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्युटेरियम ठेवला. डोंगर चढूनच जायचं असतं, तर वेग फार तर 7 पट घटला असता. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटाला साध्या तापमानाला सुमारे 80 पट फरक दिसला.

आता घरचं काम. सोयाबीन थेट उकळत्या पाण्यात टाका, 20 मिनिटं उकळा, कडक वाळवा, मगच दळा. उष्णतेने हे विकर निकामी होतं. कच्च्या सोयाबीनमधले प्रथिनांचं पचन अडवणारे घटकही बरेच कमी होतात. नाहीतर ताकदीसाठी घातलेलं वायाच जायचं.

आणि हो, क्लिनमन या बाई आहेत. दहावीनंतर आपली मुलगी सायन्स घ्यायचं म्हणाली, तर ‘काय उपयोग?’ म्हणण्याआधी ही रोटी आठवा.