थ्री नॉट थ्री : एका रायफलीचे लांबलेले आयुष्य

पोलिसाच्या, होमगार्डच्या किंवा एनसीसीच्या छात्राच्या खांद्यावरची ती लाकडी दस्त्याची, बोथट नाकाची रायफल आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिली आहे. नळीचा व्यास 0.303 इंच, म्हणजे 7.7 मिलिमीटर, म्हणून ‘थ्री नॉट थ्री’. सरकारी कागदांत तिचे नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. विसाव्या शतकात असंख्य बंदुका आल्या नि गेल्या, पण इतकी चांगली बनवलेली आणि इतकी जास्त काळ राबवलेली रायफल दुसरी क्वचितच सापडेल. तिच्या या दीर्घायुष्याचा अभिमान वाटतो आणि रागही येतो.

यातले ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, वाढले कॅनडात, काम केले अमेरिकेत. बोल्टच्या खाली बसणाऱ्या पेटीवजा मॅगझिनचे पेटंट त्यांनी 1879 मध्ये घेतले. ‘एनफिल्ड’ हे लंडनच्या उत्तरेकडच्या सरकारी कारखान्याचे नाव. नळीच्या आतले पाच आटे तिथले. दोन्हींचा मेळ 1895 मध्ये बसला. पुढे दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या मॉझर रायफलींनी ब्रिटिश फौजेला चांगलेच पोळले. मॉझरमध्ये पाच काडतुसे एका पट्टीतून एकदम भरता येत, ब्रिटिश शिपाई एकेक करून भरत बसे. त्या युद्धानंतर ब्रिटिशांनी पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाइन हा भेदच मोडला आणि दोघांसाठी 25 इंची नळीची एकच रायफल केली. तिचा 1907 चा मार्क 3 हा नमुना आपल्या ओळखीचा.

तिचे खरे वैशिष्ट्य बोल्टमध्ये आहे. मॉझरच्या बोल्टचे पकडणारे कान पुढच्या टोकाला, हिचे मागे. त्यामुळे बोल्ट कमी मागे ओढावा लागतो. दांडीही साधारण 60 अंशच उचलावी लागते, मॉझरची 90 अंश. स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, म्हणजे हाताचा जोर आपसूक लागतो त्या वेळी. गाल दस्त्यावरून न उचलता, नजर माशीवरून न हलवता शिपाई पुढची गोळी भरू शकतो. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, मॉझरच्या दुप्पट. मिनिटाला पंधरा नेमके बार, हा पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश पायदळाच्या परीक्षेचा भाग होता. ऑगस्ट 1914 मध्ये मॉन्सच्या कालव्यावर याच माऱ्याने जर्मन तुकड्यांची मोठी हानी केली.

दोषही होता, तो काडतुसाचा. .303 च्या पितळी पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. ती मागे राहिली, तर बोल्ट ढकलताना दोन्ही काडतुसे एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी रायफल ठप्प होते. म्हणून पट्टीत काडतुसे लावण्याचा क्रम ठरलेला असे आणि नवा रंगरूट तो घोकूनच शिके. दस्त्याच्या पितळी तळात एक झाकण आहे. ते उघडले की तेलाची छोटी पितळी बाटली आणि नळी साफ करायची वजन लावलेली दोरी निघते. चार इंच बाय दोन इंच फ्लॅनेलची चिंधी त्या दोरीच्या फासात अडकवून नळीतून ओढायची. हत्याराची निगा हत्यारातच ठेवण्याची ही सोय मला फार आवडते.

भारताशी तिचे नाते दोन तऱ्हांचे आहे. 1914 च्या शरद ऋतूत भारतीय पलटणी मार्सेल्सला उतरल्या, तेव्हा त्यांना तिथेच नव्या रायफली दिल्या, कारण नव्या टोकदार गोळीला जुन्या रायफलींचे नेम लागू पडत नव्हते. बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरच्या कारखान्यात याच रायफली पुढे लाखांनी तयार झाल्या. पण त्याच कारखान्यात काही रायफलींची नळी पोखरून ती .410 छर्‍याच्या बंदुकीएवढी केली जाई, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला जाई आणि ती एकबारी बंदूक देशी पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हाती दिली जाई. हत्यार उलटले, चोरीला गेले, तरी लष्कराची गोळी त्यात चालू नये. 1857 ची धास्ती राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नव्हती, याचा इतका लखलखीत पुरावा कुठल्या दप्तरातही मिळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सुधारित नंबर 4 रायफल काढली, भारतात जुनाच मार्क 3 बनत राहिला. स्वातंत्र्यानंतरही तेच. 18 नोव्हेंबर 1962 ला रेझांग ला खिंडीत 13 कुमाऊंच्या चार्ली कंपनीचे जवान मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली लढले, तेव्हा त्यांच्या हाती हीच रायफल होती, समोर चिन्यांची स्वयंचलित शस्त्रे. त्या हिवाळ्यानंतर हालचाल झाली. स्वयंभरणी एसएलआर आली आणि दरम्यानची सोय म्हणून इशापूरने ली-एनफिल्डच अधिक मजबूत पोलादात, 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली. सैन्याने पुढे तिला निरोप दिला, पोलिसांनी नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-47 घेतलेल्या अतिरेक्यांसमोर काही पोलिसांच्या हाती .303 होती, काहींच्या हाती निव्वळ लाठी. मी दोष रायफलीला देत नाही. बोल्ट ओढायला लागणारा वेळ सराव काही प्रमाणात भरून काढतो, पण सरावाला काडतुसे लागतात आणि काडतुसांना पैसे. शंभर वर्षांपूर्वीचे हत्यार देऊन वर सरावही न देणे हा गुन्हा हत्याराचा नव्हे. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात तिला समारंभाने निवृत्त केले. तो मान तिला मिळायलाच हवा होता, पण कितीतरी आधी.

महाराष्ट्राचा वाटा रायफलीत नसून तिच्या गोळीत आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तिथे बनलेल्या .303 च्या पुंगळीच्या बुडावर रोमन लिपीत ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे ठोकलेली असत, सोबत वर्षाचे आकडे. खडकीचा हा पितळी शिक्का दुसऱ्या महायुद्धातही सैनिकांच्या पट्ट्यातून फिरला. 1962 नंतर जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावचा कारखाना 1964 मध्ये उभा राहिला आणि नव्या 7.62 च्या काडतुसांवर वरणगावची अक्षरे उमटू लागली. पितळ ओढणारे, दारू मोजून भरणारे, प्रत्येक नग गेजमध्ये घालून तपासणारे हात इथल्याच वस्त्यांमधले होते. युद्धाच्या इतिहासात सेनापती येतात, पलटणी येतात, रायफलींचे नमुने क्रमांकासह येतात. हे कामगार येत नाहीत. खडकी किंवा वरणगाव परिसरात ज्यांच्या घरी आजोबा किंवा वडील या कारखान्यांतून निवृत्त झाले असतील, त्यांनी कामाच्या, पाळ्यांच्या, अपघातांच्या, युद्धकाळातल्या जादा तासांच्या आठवणी विचारून लिहून ठेवाव्यात. सांगणारे आहेत तोवर हे काम व्हायला हवे.