छोट्या छापखान्यांच्या सुबक आवृत्त्या : संग्रह आणि पाठचिकित्सा

मराठीच्या पदव्युत्तर अध्यापनात 'ग्रंथ' म्हणजे 'संहिता' असे बहुधा गृहीत धरले जाते. तो ज्या छापखान्यात घडला त्याचा विचार ग्रंथवर्णनाच्या एका ओळीत आटोपतो. परंतु खिळे जुळवून छापलेला ग्रंथ ही जुळाऱ्याच्या हातून आणि त्याच्या पेटीत उपलब्ध असलेल्या खिळ्यांच्या मर्यादेत घडलेली वस्तू असते. त्या मर्यादेच्या खुणा संहितेवर उमटलेल्या असतात. त्या ओळखता येण्यासाठी एकाच छापखान्याची अनेक पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात. मोठ्या ग्रंथालयांतील मांडणी विषयवार किंवा लेखकवार असल्याने तेथे हे सहसा साधत नाही. म्हणून छोट्या खाजगी छापखान्यांच्या आवृत्त्यांचा संग्रह हा निव्वळ छंद राहत नाही. तो पाठचिकित्सेचे साधन होतो. हे साधन अल्प खर्चात उभे करता येते आणि वाशीमसारख्या जिल्ह्यातही ते शक्य आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुबकता आणि स्वस्ताई

'सुबक आवृत्ती' या कल्पनेबरोबर युरोपातील खाजगी मुद्रणालयांची आठवण होते. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याने १८९१ मध्ये केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू केले. तेथून १८९६ मध्ये निघालेल्या चॉसरच्या समग्र ग्रंथाच्या कागदी प्रती ४२५ होत्या आणि प्रत्येकीची किंमत २० पौंड होती. यंत्रयुगातील भोंगळ छपाईविरुद्ध केलेले हे बंड अखेरीस धनिकांच्याच कपाटात जाऊन बसले.

मराठी मुलखात सुबकतेचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे कौशल्य या उद्योगाच्या पाठीशी होते. १८८६ मध्ये सुरू झालेल्या 'काव्यमाले'ने संस्कृत काव्ये व शास्त्रग्रंथ सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणले. अक्षर रेखीव, समास पुरेसा, तळटीपा बारीक पण स्वच्छ, आणि किंमत माफक, असा आदर्श या आवृत्त्यांनी घालून दिला. येथे सुबकता शोभेसाठी नव्हती. वाचकाला शब्द अचूक मिळावा, हा तिचा हेतू होता. पुढे मराठीतील लहान छापखान्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे हाच आदर्श गिरविला. संग्राहकाने सुबकतेची कसोटी येथूनच घ्यावी. जाड कागद किंवा सोनेरी अक्षरांची बांधणी ही ती कसोटी नव्हे. शाईचा सम ठसा, शब्दांतील सारखे अंतर, चिन्हांची पूर्णता आणि प्रामाणिक शुद्धिपत्र यांवरून पुस्तकाची पारख करावी.

कारंजाचे उदाहरण

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ आहे. तेथील बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तीन परंपरांच्या जैन मंदिरांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितसूचीत आली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. त्यानंतर स्थानिक दानातून 'अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला' उभी राहिली. तिच्यात पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादिले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन (सूचिकार रायबहादुर हिरालाल यांच्याहून हे वेगळे) यांनी 'सावयधम्मदोहा' (१९३२), 'पाहुडदोहा' (१९३३) आणि कनकामराचे 'करकंडचरिउ' (१९३४) सिद्ध केले. पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' हेही १९३३ मध्ये कारंजाहूनच, देवेंद्रकीर्ती ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

मराठीच्या अभ्यासकाला या मालेचे मोल दुहेरी आहे. अपभ्रंश हा मराठीच्या पूर्वेतिहासातील टप्पा असल्याने शब्दांची व प्रत्ययांची वाट तिच्यात दिसते. शिवाय 'करकंडचरिउ'तील तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन धाराशिवच्या लेण्यांशी जोडले गेले असल्याने त्या काव्याचा संबंध थेट महाराष्ट्रभूमीशी येतो. परंतु येथे विशेष नोंदवावयाचे ते हे की, विद्यापीठाच्या वा सरकारच्या आश्रयाविना, वऱ्हाडातील एका व्यापारी गावाच्या नावाने चिकित्सक आवृत्त्या निघाल्या. हस्तलिखिते गावात, द्रव्य गावातले आणि संपादक जवळच्या शहरातला, अशा मेळातून ही माला घडली.

विदर्भात हे उदाहरण एकाकी नाही. यवतमाळच्या शारदाश्रमाशी निगडित असलेल्या य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये निघाले. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून नागपुरातून 'लीळाचरित्रा'चे भाग प्रसिद्ध केले. वि. भि. कोलते यांची समग्र आवृत्ती १९७८ मध्ये आली. ती आल्यावर नेने यांचे भाग अनेकांना कालबाह्य वाटू लागले. वास्तविक, सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांतून बाहेर पडून हा ग्रंथ प्रथम मुद्रणाच्या लिपीत कसा उतरला, हे नेने यांच्या भागांवाचून कळणार नाही.

पेटीतले खिळे आणि पानावरचा पाठ

छापखान्याच्या मर्यादा संहितेत कशा उतरतात, हे समजण्यासाठी देवनागरी जुळणीची रीत ठाऊक हवी. रोमन लिपीला लागणाऱ्या खणांच्या कितीतरी पट खण देवनागरीला लागतात, कारण मूळ अक्षरांखेरीज अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे यांचे खिळे वेगळे असतात. जुळणीच्या दोन पद्धती रूढ होत्या. 'डिग्री' पद्धतीत शिरोरेषेवरची आणि अक्षराखालची चिन्हे स्वतंत्र बारीक खिळ्यांनी वरखाली जुळवीत. 'अखंड' पद्धतीत अक्षर व चिन्ह एकाच उंचीच्या खिळ्यावर येत किंवा चिन्हाचे टोक शेजारच्या खिळ्यावर झुकलेले असे. हे झुकलेले टोक वारंवार छपाईने मोडते. मग मात्रा वा रफार गळतो आणि 'मेघ'चा 'मघ' होतो. पहिल्या पद्धतीत बारीक खिळा सरकतो आणि अनुस्वार एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातो.

याचा परिणाम केवळ मुद्रणदोषांपुरता राहत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. व्युत्पत्तीने सिद्ध पण उच्चारात नसलेले अनुस्वार त्यामुळे लेखनातून गेले. तत्पूर्वीच्या पुस्तकात 'तीं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि 'ती' हे स्त्रीलिंगी एकवचन डोळ्यांना वेगळे दिसे. 'त्यानें' यातील अनुस्वार तृतीयेची खूण होता. नव्या नियमांनी केलेल्या पुनर्मुद्रणात हे भेद पुसले गेले. कवितेत सर्वनाम कोणाकडे निर्देश करते असा प्रश्न पडला, तर जुनी प्रतच त्याचे उत्तर देऊ शकते.

मात्र जुन्या प्रतीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. तिच्यात अनुस्वार नसेल तर तो कवीने टाळला, जुळाऱ्याच्या हातून सुटला, की खिळाच झिजला होता? याचे उत्तर त्या एका पुस्तकात मिळत नाही. त्याच छापखान्याची त्याच सुमाराची आणखी चार पुस्तके पाहावी लागतात. उणीव सर्वत्र असेल तर ती छापखान्याची असण्याचा संभव अधिक. ती एकाच पुस्तकात आणि तीही नियमाने असेल तर लेखकाच्या हस्तलिखिताकडे वळावे. जोडाक्षर उभे की आडवे, अवतरणचिन्हे दुहेरी की एकेरी, यांसारख्या बाबींनाही हीच कसोटी लागू होते.

दुसरी बाब आवृत्तीची. छोट्या छापखान्यात खिळे मोजके असत. आठ किंवा सोळा पृष्ठांचा फर्मा छापून झाला की तो सोडवून खिळे खणांत परत टाकावे लागत, नाहीतर पुढचा फर्मा जुळविता येत नसे. उभी जुळणी ठेवणे परवडत नसल्याने 'दुसरी आवृत्ती' म्हणजे बहुधा संपूर्ण नवी जुळणी असे आणि नव्या जुळणीत नव्या चुका शिरत. याउलट, पुढील काळातील ऑफसेट पुनर्मुद्रण हे जुन्या पानाचे छायाचित्र असू शकते. त्यात जुन्या चुका तशाच राहतात. मुखपृष्ठामागील आवृत्तीच्या ओळीवरून हा फरक कळत नाही. तो पानावरून ओळखावा लागतो.

ओळख आणि निवड

खिळ्यांनी छापलेले पान तिरप्या उजेडात धरले असता मागील बाजूस अक्षरांचा किंचित उठाव जाणवतो. भिंगातून पाहिल्यास अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन झालेली गडद किनार दिसते. तेच तुटके अक्षर पुढच्या एखाद्या फर्म्यात पुन्हा भेटते. छायाचित्रावरून केलेल्या छपाईत शाई कागदावर सपाट बसते. सायक्लोस्टाइल प्रतींची जात याहून निराळी. मुंबईत १९५५ च्या सुमारास निघालेले 'शब्द' हे अनियतकालिक त्या पद्धतीचे होते. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील मुद्रित साहित्य जमविताना हा भेद नोंदीत यावयास हवा. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) 'वाचा' प्रकाशनाने काढलेला भालचंद्र नेमाडे यांचा 'मेलडी' (१९७०) किंवा अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने काढलेला 'अरुण कोलटकरच्या कविता' (१९७७) यांसारखी पुस्तके लहान प्रकाशनांची म्हणून जमवावीत. त्यांची छपाईची रीत मात्र प्रत्यक्ष प्रत तपासूनच लिहावी. वर्षावरून ती ठरवू नये.

मुद्रक व प्रकाशक यांतही गल्लत होऊ नये. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक होते. २०२३ च्या नव्या कायद्याने तो कायदा इतिहासजमा झाला. ती बारीक ओळ शेवटच्या पानाच्या तळाशी किंवा वेष्टनाच्या मागे असते, आणि रद्दीत वेष्टन गेले की तीही जाते. प्रकाशनस्थळ एका गावी आणि छपाई दुसऱ्या गावी हा प्रकार सर्रास होता. त्याच कायद्यान्वये निघणाऱ्या सरकारी त्रैमासिक याद्यांत मुद्रक, प्रती व किंमत यांची नोंद असे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (१९४३) १८०० ते १९३७ या काळासाठी हाताशी असावी. याद्या चाळताना स्थळनामांचे भान ठेवावे लागते. वाशीम हा बासीम या नावाने १९०५ पर्यंत वऱ्हाडचा स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो अकोल्यात समाविष्ट झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. जिल्ह्याच्या आजच्या नावाने शोध घेतल्यास बरीच पुस्तके हाती लागणार नाहीत.

अल्प खर्चातील संग्रहाचे सूत्र यावरून ठरते. संग्रह लेखकाच्या अंगाने न करता छापखान्याच्या अंगाने करावा. नामवंत कवीच्या पहिल्या आवृत्तीला बाजारात भाव असतो. त्याच छापखान्यातून त्याच वर्षी निघालेले स्तोत्र, शालेय व्याकरण, व्याख्यानमालेचा अहवाल किंवा जातिसंस्थेची स्मरणिका रद्दीच्या भावात मिळते, आणि खिळ्यांचा पुरावा म्हणून तिची किंमत तितकीच असते. एकच छापखाना, त्याची दहा-पंधरा वर्षे आणि मिळेल ती प्रत, एवढी मर्यादा घालून घेतल्यास नोकरदार अध्यापकालाही संग्रह झेपतो. बांधणी सुटलेली प्रत नाकारू नये, मात्र फर्म्यांचे क्रमांक पाहून पाने पुरी असल्याची खात्री करावी. शुद्धिपत्र असलेली आणि नसलेली अशा दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही ठेवाव्यात. नवी बांधणी करताना मूळ वेष्टन व जाहिरातींची पाने फेकू नयेत, चिकटपट्टी लावू नये, कडा कापू नयेत. पोथ्या स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवण्याची भांडारांची जुनी रीत छापील पुस्तकांनाही मानवते. ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत रीतसर बाद झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय घेऊ नये; मंदिरांच्या भांडारांतील ग्रंथ जागीच राहावेत, त्यांचे वर्णन तेवढे करून घ्यावे.

कालमर्यादा

संगणकीय अक्षरजुळणी तालुक्यांपर्यंत पोहोचल्यावर खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले. धातू म्हणून वजनावर विकता येत असल्याने खिळे वितळले, लाकडी पेट्या मोडल्या. पेटी गेल्यावर त्या पेटीचा पुरावा तिच्यातून निघालेल्या पुस्तकांतच उरतो, आणि ती पुस्तके रद्दीच्या गठ्ठ्यांत आहेत. जुन्या जुळाऱ्यांची पिढी वृद्ध झाली आहे. कोणता खिळा पेटीत नव्हता आणि त्याऐवजी कोणता बसविला जाई, हे सांगू शकणारे थोडेच उरले आहेत.

संग्रहालयासाठी स्वतंत्र इमारत किंवा अनुदान मिळेपर्यंत थांबण्याइतका अवकाश या कामाला नाही. महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी आपल्या गावचा एक बंद पडलेला छापखाना द्यावा. त्याने त्याची पुस्तके जमवावीत, पाने मोजावीत, खिळ्यांची सूची करावी आणि जुळाऱ्याशी बोलून ती पडताळावी. असे पंधरावीस लघुप्रबंध झाले तर वऱ्हाडातील मुद्रणाचा नकाशा तयार होईल आणि पुढच्या संपादकाला 'मघ' व 'मेघ' यांतून निवड करताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.