काळोखाला कान देताना

भुताची भीती आपल्या ओळखीची आहे. भुताला काहीतरी हवं असतं. नारळ दिला, उतारा ठेवला की सुटका. वैश्विक भय वेगळं. इथे समोरच्याला आपल्याकडून काहीच नको असतं. आपण त्याच्या खिजगणतीतच नसतो.

‘आउटर वाइल्ड्स’ हा 2019 सालचा व्हिडिओ गेम घ्या. शस्त्र नाही, फक्त छोटं यान. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा सुरुवातीला जागे होतो. धुक्याने भरलेल्या एका जागी अवाढव्य आंधळे मासे आहेत. इंजिनचा आवाज त्यांना ऐकू जातो. म्हणून इंजिन बंद करून, श्वास रोखून नुसतं तरंगत जायचं. मासे दुष्ट नाहीत. आपण वाटेत आलो, इतकंच.

मग मुलं विचारतात, आपण इतके क्षुल्लक असू तर धडपड कशाला? गेमचं उत्तर साधं आहे : यान जातं, जीव जातो, कळलेलं तेवढं उरतं.

हे हिंगोलीत सांगतोय, कारण आपल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्याला सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. 3 सूर्यांएवढं वस्तुमान तरंगांत विरलं होतं. इथे पोचलेली थरथर मात्र प्रोटॉनहून शेकडो पटींनी बारीक. युक्ती तीच : आपला गोंगाट आवरायचा आणि ऐकायचं. विश्वाला आपली दखल नसेल, आपण त्याची घेऊ शकतो.