विहिरीचं पाणी माशांच्या टाकीत घालण्यापूर्वी

अमेरिकेत शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलं की नळाला येणारं पाणी बरेचदा स्वतःच्या विहिरीचं असतं. विहीर म्हणजे इथे बोअरवेल. आपल्याकडची पायऱ्यांची, रहाटाची नव्हे. अशा घरात मासे पाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: या पाण्यात क्लोरीन नाही, खुशाल थेट ओता. क्लोरीन सहसा नसतं हे खरं, पण तेवढ्यावरून ते माशांसाठी तयार आहे असं होत नाही.

जमिनीतून झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आणि ऑक्सिजन अनेकदा वाटेतच संपतो. पंपाने वर आल्यावर हा वायू हळूहळू बाहेर पडतो, सोड्याची बाटली उघडावी तसा. माशाला रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात सोडायचा असतो. पाण्यातच तो भरपूर असेल तर तो नीट सुटत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. ताजं पाणी घातल्यावर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर आधी याचाच संशय घ्यावा.

वायू निघून जाताना पीएच चढतो. नळाखाली 6.8 दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी 7.8 दाखवू शकतं. टाकीत अमोनिया साचलेला असेल तर पीएच एकाने वाढल्यावर त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून नळाखालच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

उपाय स्वस्त आहे. साबण कधीच न लागलेल्या बादलीत पाणी भरा, एअर पंप लावून 24 तास बुडबुडे सोडा, मग पीएच मोजा आणि तापमान जुळवून टाकीत घाला. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. तोही असाच उडून जातो. विरघळलेलं लोह हवा लागताच गंजून तांबूस गाळ होतं. ते कल्ल्यांवर बसण्यापेक्षा बादलीच्या तळाशी बसलेलं बरं. वरचं निवळ पाणी तेवढं घ्या.

काही गोष्टी मात्र बुडबुड्यांनी जात नाहीत. जड पाणी, म्हणजे ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते गप्पी, मॉली किंवा मलावी सरोवरातल्या सिक्लिडांना चांगलं मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस मऊ पाण्यातले. पाणी बदलत बसण्यापेक्षा त्याला साजेसे मासे निवडावेत, असं माझं मत. घरातल्या सॉफ्टनरचं पाणी हा त्यावरचा तोडगा नव्हे: तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो, पण कार्बोनेट तसंच राहतं. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

आम्लधर्मी पाणी तांब्याचे पाइप झिजवतं. सिंकमध्ये निळसर-हिरवे डाग दिसले तर टाकीतल्या कोळंबी आणि गोगलगायींना धोका आहे.

नायट्रेटचा प्रश्न टाकीपुरता नाही. शेतांच्या शेजारी खतांमधून ते विहिरीत उतरतं. नळाच्याच पाण्यात 40 असेल, तर कितीही पाणी बदललं तरी टाकीत त्याखाली जात नाही. पिण्याच्या पाण्याची अमेरिकी मर्यादा नायट्रोजन म्हणून मोजल्यास लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. माशांच्या बहुतेक टेस्ट किटवर तोच आकडा सुमारे 44 दिसतो. किटचा रंग त्याच्या आसपास आला आणि घरात बाटलीचं दूध पिणारं बाळ असेल, तर मासे राहू द्या बाजूला. त्याच्या दुधासाठी ते पाणी आजच थांबवा. उकळून उपयोग नाही, पाणी आटल्याने नायट्रेट उलट दाटतं. मग प्रमाणित प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. खासगी विहिरींना सरकारी पेयजल नियम लागू नसतात. वर्षातून एकदा तपासणी करण्याची जबाबदारी घरमालकाचीच.

आणि विहिरीची दुरुस्ती झाली की तिच्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन ओततात. त्यानंतर काही दिवस क्लोरीन काढणारं औषध वापरल्याशिवाय टाकीत थेंबही घालू नका.