संगणकाच्या वाड्यालाही हवी ओसरी

जुन्या वाड्यात आलेला प्रत्येक माणूस थेट माजघरात जात नसे. दिंडी दरवाजातून आत आला की तो ओसरीवर टेकायचा. गूळ-पाणी, चार गोष्टी तिथेच व्हायच्या. माजघराचे दार कुणासाठी उघडायचे, हे घरची मंडळी ठरवीत. बँका, रुग्णालये, कार्यालये यांच्या संगणकांच्या जाळ्यालाही अशाच ओसरीची गरज असते. तिचे नाव मात्र लष्करी आहे: डीमिलिटराइज्ड झोन, म्हणजेच डीएमझेड.

हे नाव कोरियातल्या सीमेवरून रूढ झाले. २७ जुलै १९५३ रोजी तिथे युद्धविराम झाला आणि उत्तर व दक्षिण कोरियाच्या मधोमध सुमारे ४ किलोमीटर रुंद आणि २५० किलोमीटर लांब पट्टा मोकळा ठेवण्याचे ठरले. संगणकातला पट्टाही असाच दोघांच्या मधला. एका बाजूला साऱ्या जगाचे इंटरनेट, दुसऱ्या बाजूला संस्थेचे खासगी जाळे.

या पट्ट्याच्या दोन्ही तोंडांशी पहारेकरी असतो. त्याचे नाव फायरवॉल. आलेली माहिती कुठून आली, कुठे जाणार, कोणत्या दाराने जाणार, हे तो ठरलेल्या नियमांनुसार तपासतो. बँकेची वेबसाइट आणि बाहेरची पत्रे घेणारा मेल सर्व्हर ओसरीवर. ग्राहकांची खाती मात्र माजघरात. पहिली फायरवॉल बाहेरच्याला ओसरीपर्यंतच येऊ देते, तेही मोजक्या दारांनी: सुरक्षित वेबसाठी ४४३ क्रमांकाचे, मेलसाठी २५ क्रमांकाचे. दुसरी फायरवॉल ओसरीवरच्या ठरावीक संगणकालाच माजघरातल्या ठरावीक संगणकाशी बोलू देते. बाहेरून थेट आत जाण्याची वाट नाहीच.

नियमांचे सूत्र एकच: ज्याला स्पष्ट परवानगी नाही, ते बंद. ओसरीवरून बाहेर जाणाऱ्या माहितीवरही लक्ष हवे, कारण चोराच्या ताब्यात गेलेला संगणक आपल्या धन्याला निरोप धाडू लागतो. दोन्ही फायरवॉल वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तर अधिक बरे. एकीतली उणीव सापडली म्हणून दुसरी लगेच उघडत नाही. आणि पहारेकऱ्याची नोंदवही रोज कुणीतरी वाचायला हवी.

आतल्या भिंती नसल्या तर काय होते, हे ढाक्यात दिसले. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना २०१५ च्या सुरुवातीला नोकरीच्या अर्जाचे सोंग घेतलेले ई-मेल आले. त्यातून चोर जाळ्यात शिरले आणि सरकत सरकत परदेशी व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ संगणकांपर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला सुमारे ९५ कोटी डॉलरचे ३५ बनावट आदेश पाठवले. बहुतेक आदेश अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. बँकेत फायरवॉलच नव्हती आणि जाळे जोडायला स्वस्तातले जुने स्विच वापरले होते, असे तपास अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी सांगितले. ‘स्विफ्ट’ची खोली बाकीच्या जाळ्यापासून वेगळी ठेवली असती, तर चोरांचे काम कितीतरी अवघड झाले असते.

घरच्या राउटरमध्येही डीएमझेड नावाचा पर्याय असतो. तिथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. तो चालू केला की निवडलेले एक यंत्र सगळ्या इंटरनेटसमोर उघडे पडते. तेव्हा तो बंदच ठेवावा. पाहुण्यांचे फोन, टीव्ही, कॅमेरे यांच्यासाठी राउटरचे ‘गेस्ट’ जाळे वापरावे. ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो, तो या सगळ्यांपासून वेगळा राहतो. पाहुण्यांचे स्वागत जरूर करावे, पण ओसरीवर!