नाणं मित्राकडून घेतलं, मग पारखायचं कशाला?

गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची जुनी घरं अजून उभी आहेत. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, त्यातून ही वाडी वसली. अशा घराचा माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात व्हिक्टोरिया राणीचे रुपये, भोकाचे पैसे, एखादी शिवराई निघाली तर नवल नाही. डबा सापडला की घरचे सहसा दुकानदार शोधत नाहीत, ओळखीतल्या कुणाला तरी हाक मारतात: "तुला कळतं ना रे यातलं? जरा बघून सांग." घेणाऱ्याचंही तसंच. चोर बाजारात एकट्याने जाण्यापेक्षा तो मित्राला म्हणतो, "माझ्यासाठी एक चांगला रुपया बघ." या दोन वाक्यांनी केवढी जबाबदारी दिली-घेतली जाते, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

गैरसमज: मित्राने मधल्या मधे पैसे कमावले, म्हणजे त्याने फसवलंच.

तसं नाही. त्याने स्वतःच्या पैशाने, खोटं निघालं तर आपलं नुकसान हे धरून नाणं आठ हजारांना घेतलं, आणि पुढे कधीतरी तुम्हाला दहा हजारांना दिलं, तर तो विकणारा आहे. दोन हजार त्याच्या जोखमीचे आणि पायपिटीचे. पण "माझ्यासाठी बघ" असं सांगून तुम्ही त्याला पाठवलंत, त्याने आठला घेतलं आणि "दहाला मिळालं" म्हणाला, तर चित्र पालटतं. आता तो तुमचा प्रतिनिधी आहे, आणि तुम्ही कबूल न केलेले ते दोन हजार तुमचे आहेत.

"पण मी तर फुकट मदत करत होतो," असं अशा वेळी हमखास ऐकू येतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १८५ स्पष्ट सांगतं की, प्रतिनिधी होण्यासाठी मोबदला ठरलेला असावाच लागतो असं नाही. कलम २१६ तर नाणेसंग्राहकांनी पाठच करावं. त्यात उदाहरण घराचं आहे: मालकाने एक घर आपल्यासाठी घ्यायला सांगितलं, प्रतिनिधीने "ते मिळत नाही" असं कळवून स्वतःच घेतलं, मालकाला कळल्यावर तो ते त्याच किमतीला मागू शकतो. घराच्या जागी नाणं ठेवून पाहा. "अरे, ते गेलं रे" असं सांगून तेच नाणं स्वतःच्या अल्बममध्ये लावणारा मित्र दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होता!

दलाली घेण्यात कमीपणा नाही. ती आधी सांगावी, एवढंच. "पाच टक्के माझे" हे वाक्य पहिल्या दिवशी उच्चारायला दोन सेकंद लागतात. मैत्रीत हिशोब नको म्हणणाऱ्यांच्या मनातही हिशोब चालूच असतो. तो बोलला जात नाही आणि मग कडवटपणा साठतो. उलट बाजूही सांगायला हवी. मित्राने विकणाऱ्याचं घर दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला वगळून परस्पर सौदा केलात, तर कायदा कदाचित काही म्हणणार नाही. मी मात्र त्याला लबाडीच म्हणेन.

गैरसमज: विकणाऱ्याला किंमत कळत नसेल तर गप्प बसणं हे चातुर्य.

दोन अनोळखी व्यापाऱ्यांमध्ये नुसतं गप्प राहणं ही बहुधा फसवणूक ठरत नाही. पण याच कायद्याच्या कलम १७ मधलं घोड्याचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. लिलावात घोडा विकताना त्याची खोड सांगितली नाही, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. नात्याने बोलण्याची जबाबदारी वाढते. वाडीतल्या आजींनी तुम्हाला जाणकार म्हणून घरात बोलावलं, चहा दिला, डबा पुढ्यात ठेवला, तर तुम्ही तिथे नुसते गिऱ्हाईक उरत नाही. चांदीच्या वजनाने दुर्मीळ रुपया उचलून नेणं हा विश्वासघात आहे.

गैरसमज: माणूस खरा, म्हणजे नाणंही खरं.

प्रामाणिक मित्रही फसलेला असू शकतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या रुपयातल्या ८ चा ९ करून विकतात. रामदरबार असलेली, १८१८ साल घातलेली 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत. प्रत्येक शिवराई शिवकाळातली नसते. छत्रपतींच्या नंतरही ती कित्येक वर्षं पाडली जात होती. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा. वापराने थोडा झिजतो, पण फरक मोठा असेल तर शंका घ्या. खिशातला वजनकाटा काढला म्हणून खरा मित्र रागावणार नाही. आणि फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. घेण्याआधी तिथे जाऊन खरी नाणी डोळ्यांखालून घाला.

त्याच बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात 'कमिशन' किंवा 'कर' मागणारे मध्यस्थ मात्र निव्वळ भामटे आहेत. आपण असे व्यवहार करत नाही आणि असं शुल्क घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. परदेशातल्या भावाने "कुरिअरने पाठव" म्हटलं तरी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा नाण्यांचा धंदा करायला परवाना लागतो.

तेव्हा कुणी विश्वासाने डबा पुढ्यात ठेवला, तर आकडा सांगण्याआधी एवढं म्हणा: "मला यातलं एक नाणं घ्यायचं आहे, म्हणून भाव माझ्याकडून ठरवू नका. आणखी एका जाणकाराला दाखवा, मी थांबतो."